युरोपचा कायदा शोधायचाय? आधी नंबर पकडा

२०१४ च्या एप्रिलमध्ये युरोपने हापूसवर बंदी घातल्याची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. पण बंदी घातली म्हणजे नेमका कुठला कागद निघाला, कुणी काढला, त्यात काय लिहिलंय आणि कधीपर्यंत, हे बातमीत सापडत नाही. तो कागद म्हणजे युरोपियन कमिशनचा (युरोपियन युनियनचं कार्यकारी मंडळ) २४ एप्रिल २०१४ चा निर्णय, नंबर २०१४/२३७/ईयू. तो उघडून बघा, त्याच्या नावात आंबा हा शब्दच नाहीये, "भारतातून येणारी काही फळं आणि भाज्या" एवढंच आहे, आणि आत झाडांची लॅटिन नावं दिलीत, त्यामुळे युनियनच्या कायद्यांच्या साइटवर "अल्फान्सो" टाकून शोधत बसलात तर हाती काही लागत नाही, "मँजिफेरा" टाकलं की लगेच लागतं. शिवाय आंब्याबरोबर अळू, कारली, वांगी आणि पडवळही होती, त्यातही अळूच्या बिया आणि मुळं वगळलेली, म्हणजे वडीची पानं बंद पण अळकुड्या चालू. मुदत ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची होती, पण फेब्रुवारी २०१५ मध्ये दुसऱ्या निर्णयाने आंबा यादीतून काढला आणि भाज्या तशाच ठेवल्या. हे सगळं फुकट, घरबसल्या, दोनतीन पानांत.

तर हा लेख त्यांच्यासाठी ज्यांना युरोपचा कायदा पहिल्यांदाच शोधायचाय. एलएलएमचे विद्यार्थी, द्राक्षं-आंबे पाठवणारे, पुण्या-मुंबईत आयटी कंपनीत डेटा प्रायव्हसीचं काम अचानक गळ्यात पडलेले लोक, किंवा ज्यांचं कुणी तिकडे राहतंय असे. माझं म्हणणं एवढंच आहे की सुरुवातीला महागडा डेटाबेस लागत नाही, तीन गोष्टी घट्ट धरायच्या: कागदाचा नंबर, कुठल्या तारखेची आवृत्ती, आणि कोर्टाने त्याचा काय अर्थ लावलाय. बाकीचं सगळं याच्या आजूबाजूला येतं. आणि हो, हे शोधायचं कसं ते सांगतोय, तुमच्या केसमध्ये काय करायचं त्यासाठी वकील गाठा.

पहिलं काम: कुठला युरोप ते ठरवा

इथे भलेभले गोंधळतात. युरोपियन युनियन म्हणजे २७ देश, त्याचं कोर्ट लक्झेंबर्गला. कौन्सिल ऑफ युरोप ही पूर्ण वेगळी संघटना, १९४९ पासूनची, ४६ देशांची, तिचं मुख्यालय आणि मानवी हक्कांचं कोर्ट स्ट्रासबर्गला. वर युनियनच्या आतच "युरोपियन कौन्सिल" नावाची पंतप्रधान-राष्ट्राध्यक्षांची बैठक असते आणि नुसतं "कौन्सिल" म्हणजे मंत्र्यांची परिषद. नावं कुणी ठेवली देव जाणे. तुमचा विषय मानवी हक्कांचा असेल, म्हणजे एखाद्या देशाविरुद्ध स्ट्रासबर्गला दिलेला निकाल वगैरे, तर हुडॉक नावाचा डेटाबेस उघडा, तिथे सगळं फुकट आहे आणि शोधायलाही सोपा आहे. व्यापार, अन्न, विमान, डेटा, स्पर्धा, लोकांची ये-जा असलं काही असेल तर तुम्ही युनियनच्या कायद्यात आहात आणि पुढचा सगळा लेख त्याबद्दलच आहे.

ब्रिटन आता यात नाही. ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणाचा काळ संपला, त्याआधीचे बरेचसे युरोपीय कायदे त्यांनी आपल्या कायद्यात ओतून घेतले आणि मग स्वतःच बदलायला सुरुवात केली, त्यामुळे लंडनचा प्रश्न असेल तर ब्रिटनच्या सरकारी कायद्यांच्या साइटवर जा, युरोपच्या साइटवर नको. जुना लेख वाचताना तो कुठल्या वर्षीचा आहे ते पहिल्यांदा बघायचं, हे त्यामुळेच.

कागदाची जात

सगळ्यात वर करार. आज चालू आहेत ते दोन मुख्य करार आणि मूलभूत हक्कांची सनद, सध्याचं रूप लिस्बन कराराने दिलं, जो १ डिसेंबर २००९ पासून लागू झाला. एक त्रास लक्षात ठेवा: करारांच्या कलमांचे नंबर दोनदा बदललेत, एकदा १९९९ ला आणि एकदा २००९ ला. कंपन्यांनी संगनमत करू नये हे कलम आधी ८५ होतं, मग ८१ झालं, आता १०१ आहे. मालाच्या मुक्त वाहतुकीचं कलम आधी ३०, मग २८, आता ३४. म्हणून १९८० च्या निकालात "कलम ३०" दिसलं म्हणून आजचा करार उघडून कलम ३० वाचाल तर काहीच टोटल लागणार नाही. जुन्या-नव्या नंबरांचे तक्ते कराराच्या शेवटी दिलेले असतात, ते प्रिंट काढून ठेवा.

कराराखाली तीन बंधनकारक प्रकार. रेग्युलेशन सगळ्या देशांत जसंच्या तसं लागू होतं. डायरेक्टिव्ह हे देशांना सांगतं की अमुक परिणाम साधा, कसा ते तुमच्या कायद्याने ठरवा. आणि डिसिजन हा ज्यांना उद्देशून काढलाय त्यांच्यापुरता, आंब्याचा होता तसा. शिफारस आणि मत हे बंधनकारक नाहीत. हा फरक पाठ असलेला बरा कारण पुढे कुठे शोधायचं ते यावरच ठरतं.

नंबर वाचायला शिका, निम्मं काम झालं

२०१५ च्या आधी डायरेक्टिव्हमध्ये वर्ष आधी यायचं आणि रेग्युलेशनमध्ये नंबर आधी, वर्ष नंतर. म्हणजे डायरेक्टिव्ह २००४/३८ हे २००४ सालचं, आणि रेग्युलेशन २६१/२००४ हेसुद्धा २००४ सालचंच. सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे रेग्युलेशन २००६/२००४, ग्राहक संरक्षणातल्या सहकार्याचं, इथे २००६ हा नंबर आहे आणि २००४ हे वर्ष! १ जानेवारी २०१५ पासून सगळ्यांना एकच पद्धत, वर्ष आधी. आंब्याच्याच दोन कागदांत हे दिसतं, पहिला २०१४/२३७/ईयू आणि त्यात दुरुस्ती करणारा (ईयू) २०१५/२३७. आकडा योगायोगाने तोच आलाय, गडबडून जाऊ नका, दोन वेगळे कागद आहेत.

याहून पक्का नंबर म्हणजे सेलेक्स. सातबाऱ्याला गट नंबर जसा तसा हा, नाव कितीही सारखं असलं तरी नंबर एकाचाच. पहिला आकडा विभागाचा: १ करार, ३ कायदे, ५ प्रस्ताव आणि तयारीचे कागद, ६ कोर्टाचे निकाल, ० म्हणजे दुरुस्त्या घालून एकत्र केलेली प्रत. मग चार आकडी वर्ष, मग प्रकाराचं अक्षर, रेग्युलेशनला आर, डिसिजनला डी आणि डायरेक्टिव्हला एल (डी आधीच गेला म्हणून असेल, काय माहीत), मग चार आकडी नंबर. म्हणजे जीडीपीआर, वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचं रेग्युलेशन २०१६/६७९, त्याचा सेलेक्स होतो ३२०१६आर०६७९. एकदा ही रचना डोक्यात बसली की सर्च करायची गरजच राहत नाही, नंबर स्वतः बनवायचा आणि टाकायचा. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत करायचा.

आता युर-लेक्स उघडा

युर-लेक्स ही युनियनची अधिकृत साइट, करार, कायदे, प्रस्ताव, निकाल सगळं एका ठिकाणी, २४ भाषांत, लॉगिन न करता. गूगलवर कायद्याचं नाव टाकलं की आधी कन्सल्टन्सी कंपन्यांचे ब्लॉग येतात, कुणीतरी वेगळी सुटसुटीत साइट बनवून कायद्याचा मजकूर टाकलेला असतो, वाचायला छान असतात पण त्यातली आवृत्ती कुठल्या तारखेची ते बऱ्याचदा कळत नाही. म्हणून नंबर मिळेपर्यंत गूगल, विकिपीडिया काहीही वापरा, नंबर मिळाला की सगळं बंद करून इकडे या.

पहिल्याच पानावर नंबराने शोधायची सोय आहे, वर्ष, नंबर, प्रकार टाकायचा. कागद उघडला की मजकुरात उडी मारू नका, आधी डॉक्युमेंट इन्फर्मेशनच्या टॅबवर जा. सगळा खजिना तिथे आहे आणि नवीन माणूस नेमका तिथेच जात नाही. कागदाची तारीख, लागू झाल्याची तारीख, संपल्याची तारीख, कुठल्या कलमाच्या आधारावर काढला, कुणी दुरुस्त केला, कुणी रद्द केला, कुठल्या खटल्यात याचा अर्थ लावला गेला, सगळं यादीत आणि प्रत्येकाला लिंक. आंब्याच्या निर्णयाचं हे पान उघडलंत तर कळतं की तो झाडांच्या किडी-रोगांबद्दलच्या डायरेक्टिव्ह २०००/२९ च्या जोरावर काढलेला होता, तिथून पुढे गेलात तर कळतं की त्या डायरेक्टिव्हची जागा आता रेग्युलेशन २०१६/२०३१ ने घेतलीय, १४ डिसेंबर २०१९ पासून, आणि त्याच्याखाली फळभाज्यांच्या सविस्तर अटी २०१९/२०७२ या रेग्युलेशनच्या परिशिष्टांत आहेत, बाहेरच्या देशांतून येणाऱ्या मालासाठी परिशिष्ट ७ बघायचं. म्हणजे २०१४ च्या बातमीपासून आजच्या नियमापर्यंत नुसत्या लिंक दाबत पोचलात.

मजकूर वाचताना क्रम असा असतो: आधी नाव, मग आकडे घातलेले रिसायटल्स म्हणजे हा कायदा का केला त्याची कारणं, मग कलमं, मग परिशिष्टं. रिसायटल्समधून हेतू कळतो, पण नुसत्या रिसायटलवर हक्क मागता येत नाही, तो कलमातून यावा लागतो. आणि कलमांत सगळ्यात आधी व्याख्या वाचा, साधारण कलम २, ३ किंवा ४ मध्ये असतात. व्यापाऱ्यांसाठी उलटं, तुमचं सगळं परिशिष्टातच असतं. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याने कार्बन कराचं रेग्युलेशन २०२३/९५६ घेतलं तर आधी परिशिष्ट १ मधे आपल्या मालाचा कोड आहे का ते बघावं, नसेल तर पुढची पन्नास पानं वाचायची गरज आहे का हाच प्रश्न आहे.

इंग्रजी वाक्य संशयास्पद वाटलं तर शेजारी दुसरी भाषा लावता येते, एकावेळी तीन भाषांपर्यंत. सगळ्या भाषांतल्या प्रती सारख्याच अधिकृत आहेत, त्यामुळे "इंग्रजीत असं लिहिलंय" हा शेवटचा शब्द होत नाही. फ्रेंच किंवा जर्मन थोडी येत असेल तर याचा उपयोग करा, गोव्यात कुणाला पोर्तुगीज येत असेल तर त्यांची मजाच.

तारीख, तारीख, तारीख

कायदा एकदा छापला आणि संपलं असं नसतं. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना हे सांगायची गरज नाही, २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अवशेषावरून माल अडकला तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे. कीटकनाशकांच्या अवशेषांची मर्यादा ठरवणारं रेग्युलेशन ३९६/२००५ हे आजवर शंभराहून जास्त वेळा दुरुस्त झालंय. मूळ २००५ चा कागद घेऊन बसलात तर तो इतिहास झाला. इथे कन्सॉलिडेटेड म्हणजे एकत्रित प्रत लागते, सगळ्या दुरुस्त्या घालून केलेली, आणि तिच्यावर तारीख असते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, ही प्रत फक्त सोयीसाठी आहे, कायदेशीर किंमत अधिकृत राजपत्रात छापलेल्या मूळ कागदाला आणि त्याच्या दुरुस्त्यांना. दोन, आजची प्रत तुम्हाला हवी असेलच असं नाही, मागच्या वर्षीच्या कन्साइनमेंटचा वाद असेल तर त्या दिवशी लागू असलेली प्रत घ्या, बाजूला जुन्या तारखांची यादी असते.

अवशेषांच्या बाबतीत मात्र रेग्युलेशनची परिशिष्टं चाळण्यापेक्षा कमिशनचा पेस्टिसाइड डेटाबेस वापरा, खायच्या द्राक्षांचा कोड ०१५१०१०, आंब्याचा ०१६३०३०, कोड आणि औषधाचं नाव टाकलं की आकडा आणि कुठल्या रेग्युलेशनने आणला तेही कळतं. ज्या औषधाला स्वतंत्र मर्यादाच ठरलेली नाही त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम धरतात, हे कलम १८ मध्ये आहे. बरेचजण "यादीत नाही म्हणजे चालतं" असं समजतात आणि नेमकं उलटं असतं.

"अमलात आला" आणि "लागू झाला" यांतही फरक असतो. जीडीपीआर २७ एप्रिल २०१६ ला मंजूर, २४ मे २०१६ ला अमलात, आणि प्रत्यक्ष लागू २५ मे २०१८ पासून. ही तारीख शेवटच्या कलमात असते. आणि ती पुढेही ढकलली जाते, जंगलतोडीविरुद्धचं रेग्युलेशन २०२३/१११५ घ्या, त्याची लागू व्हायची तारीख २०२४/३२३४ या दुरुस्तीने वर्षभर पुढे गेली. मूळ कागद वाचून कुणी घाबरून बसला असता.

राजपत्राबद्दल एवढं पुरे: एल मालिकेत कायदे, सी मालिकेत नोटिसा आणि माहिती. १ जुलै २०१३ पासून इलेक्ट्रॉनिक प्रत हीच अधिकृत आहे आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून प्रत्येक कायदा सुटा प्रसिद्ध होतो, पूर्वीसारखा अंक आणि पान नंबर नसतो. म्हणून जुन्या संदर्भात "एल ११९, पान १" असं दिसेल आणि नव्यात फक्त वर्ष आणि नंबर.

कोर्टाने काय म्हटलं ते बघितल्याशिवाय थांबू नका

समजा मुंबईहून फ्रँकफर्टला एका युरोपियन एअरलाइनने निघालात आणि पाच तास उशिरा पोचलात. विमान प्रवाशांचा कायदा म्हणजे वर आलेलं रेग्युलेशन २६१/२००४. वाचा आता. विमान रद्द झालं तर भरपाई, कलम ५ आणि ७. उशीर झाला तर कलम ६, आणि तिथे जेवण, हॉटेल, फोन वगैरे मदत आहे, भरपाईचा उल्लेख नाही. इथे पुस्तक मिटणारा माणूस म्हणेल की उशिराला भरपाई नाही. पण १९ नोव्हेंबर २००९ च्या स्टर्जन निकालात, सी-४०२/०७ आणि सी-४३२/०७, कोर्टाने सांगितलं की तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलेल्या प्रवाशालाही रद्द झाल्यासारखीच भरपाई, आणि २०१२ मध्ये नेल्सन निकालात मोठ्या पीठाने ते पक्कं केलं. लांबच्या अंतराला ६०० युरो, तीन ते चार तासांच्या मधला उशीर असेल तर निम्मे करता येतात. तांत्रिक बिघाड होता म्हणून हात वर करता येत नाहीत, ते सहसा असाधारण कारण धरलं जात नाही, हे २२ डिसेंबर २००८ च्या सी-५४९/०७ मध्ये. तीन तास उशीर झाला की भरपाई, हे कायद्याच्या मजकुरात कुठेच नाही!

आता उलट बाजू. परतीच्या तिकिटावर आखाती एअरलाइनने युरोपहून आलात आणि मुंबईहून परत जाताना विमान रद्द झालं तर? १० जुलै २००८ चा एमिरेट्सचा निकाल, सी-१७३/०७, त्यात मनिलाहून ड्युसेलडॉर्फला परतायचं होतं, कोर्ट म्हणालं जाणं आणि येणं ही दोन वेगळी उड्डाणं, युरोपबाहेरून बिगरयुरोपीय एअरलाइनने निघालेलं उड्डाण या कायद्यात येत नाही. मनिलाच्या जागी मुंबई घाला, तेच उत्तर. आणि दावा किती वर्षांत करायचा? कायद्यात नाही, कोर्टाने सी-१३९/११ मध्ये सांगितलं की ज्या देशात केस कराल तिथल्या मुदतीचा नियम.

निकाल शोधायला कोर्टाची साइट क्युरिया, किंवा युर-लेक्सवरच. नंबराच्या पुढे सी म्हणजे मुख्य कोर्ट, टी म्हणजे जनरल कोर्ट, शेवटी पी असेल तर अपील. १९८९ च्या आधी अक्षर नसायचं, नुसतं २६/६२, ६/६४ असं. आणि एक ताजी गोष्ट जी जुन्या गाइडमध्ये मिळणार नाही: १ ऑक्टोबर २०२४ पासून देशांच्या कोर्टांनी विचारलेले काही ठराविक विषयांतले प्रश्न जनरल कोर्टाकडे गेलेत, व्हॅट, कस्टम्स असे सहा विषय, आणि विमान प्रवाशांची भरपाई त्यातच आहे. म्हणजे यापुढे फक्त सी टाकून शोधलंत तर नवे निकाल सुटतील, टी पण शोधा.

निकाल हातात आला की शेवटून वाचा. अगदी शेवटी "कोर्ट असा निर्णय देतं" म्हणून ठळक परिच्छेद असतो, तो उत्तर. मग मधे परिच्छेदांचे नंबर बघत कारणं वाचा, संदर्भ देताना पान नाही, परिच्छेद नंबर द्यायचा. निकालाबरोबर बऱ्याचदा ॲडव्होकेट जनरलचं, म्हणजे निकालाआधी कोर्टाला स्वतंत्र मत देणाऱ्या कोर्टातल्याच कायदेतज्ज्ञाचं, मत असतं, बऱ्याचदा निकालापेक्षा ते वाचायला सोपं आणि सविस्तर असतं, पण तो निकाल नाही. गूगल स्पेन, सी-१३१/१२, यात ॲडव्होकेट जनरलचं मत गूगलच्या बाजूने होतं आणि १३ मे २०१४ ला कोर्टाने उलटं ठरवलं. सेलेक्समध्ये फरक दिसतो, निकालाला सीजे आणि मताला सीसी. आणि एआयला विचारून मिळालेला केस नंबर क्युरियावर टाकून बघितल्याशिवाय कुठेही लिहू नका, नाव खरं आणि नंबर भलताच असं सर्रास होतं.

डायरेक्टिव्ह असेल तर अर्धाच रस्ता झालाय

गोव्यातल्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांसाठी हे फार महत्त्वाचं. समजा असा कुणी डब्लिनला राहतोय आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या बायकोला तिकडे न्यायचंय. कायदा म्हणजे डायरेक्टिव्ह २००४/३८, युनियनच्या नागरिकांच्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या ये-जा आणि राहण्याचं. पण ते वाचून आयर्लंडच्या ऑफिसात कुठला फॉर्म, किती दिवस, ते कळणार नाही कारण ते आयर्लंडने स्वतःच्या नियमांत उतरवलंय, २०१५ च्या ५४८ नंबरच्या नियमावलीत. हे कुठे मिळतं? युर-लेक्सवर डायरेक्टिव्हच्या पानावर देशांनी केलेल्या कायद्यांची यादी असते, देशवार, तिथून नाव-नंबर घ्या आणि त्या देशाच्या सरकारी साइटवर मजकूर शोधा. एन-लेक्स नावाचं पोर्टल सगळ्या देशांच्या कायद्यांच्या साइटपर्यंत पोचवतं. ती यादी देशांनी कळवलेली असते, त्यावरून त्यांनी डायरेक्टिव्ह बरोबर उतरवलंच असं सिद्ध होत नाही. याच विषयात आयर्लंडची अट होती की जोडीदार आधी दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीर राहिलेला पाहिजे, ती २५ जुलै २००८ च्या मेटॉक निकालात, सी-१२७/०८, कोर्टाने चालणार नाही म्हणून सांगितलं. आणि हेच जोडपं पोर्तुगालमध्ये राहणार असेल तर हे डायरेक्टिव्ह सहसा लागत नाही, स्वतःच्या देशात राहणाऱ्याला पोर्तुगालचा कायदा.

मग लायब्ररी कशाला?

मजकूर मिळवायला नाही, समजायला. कायदा आणि वीस निकाल डाउनलोड केलेत तरी त्यातला कुठला महत्त्वाचा आणि कुठला बाजूला पडला हे साइट सांगत नाही, ते टेक्स्टबुक आणि जर्नलमधली निकालांवरची टिपणं सांगतात. माझ्या मते नवख्याने उलट क्रमाने जावं, आधी लायब्ररीतून ताज्या आवृत्तीचं एक टेक्स्टबुक, त्यातलं तुमच्या विषयाचं एकच प्रकरण आणि त्याच्या तळटिपा, त्या तळटिपांतले नंबर वहीत उतरवा, मग युर-लेक्सवर. आठवडाभर गूगल करत बसणं वाचतं. लिस्बनच्या आधीची आवृत्ती असेल तर ती कपाटात परत ठेवा, इतिहास लिहीत असाल तरच घ्या.

आपल्याकडे लॉ कॉलेजच्या लायब्ररीत भारतीय डेटाबेस असतातच, त्यात परदेशी जर्नलचा भाग घेतलाय का ते ग्रंथपालांना विचारा, बऱ्याच ठिकाणी घेतलेला असतो आणि मुलांना माहीतच नसतं. हाइनऑनलाइन असेल तर जुनी जर्नल्स मिळतात. सरकारी विद्यापीठात असाल तर केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेतून मोठ्या परदेशी प्रकाशकांची जर्नल्स मिळायला लागलीत, कॉलेजच्या नेटवर्कवरून बघा. युरोपात शिकायला गेला असाल तर विद्यापीठात युरोपियन डॉक्युमेंटेशन सेंटर आहे का ते विचारा, हे जाळं १९६३ पासून आहे, आणि तिथला माणूस नुसतं पुस्तक देत नाही, शोधायचं कसं ते बसून दाखवतो. आणि लायब्ररीच नसेल तर युनियनच्या प्रकाशन कार्यालयाची पुस्तकं फुकट पीडीएफमध्ये मिळतात, आणि पिट्सबर्ग विद्यापीठाचा युरोपियन एकीकरणाचा ऑनलाइन संग्रह जुन्या कागदांसाठी फार चांगला आहे.

कायदा असाच का लिहिला ते हवं असेल तर प्रस्तावाकडे जा. कमिशनचे प्रस्ताव सीओएम नंबराचे असतात आणि त्यांच्या सुरुवातीला साध्या भाषेत कारणं दिलेली असतात. विमान भरपाई बदलायचा प्रस्ताव सीओएम (२०१३) १३०, त्याची प्रक्रिया २०१३/००७२(सीओडी), संसदेच्या लेजिस्लेटिव्ह ऑब्झर्व्हेटरीत हा नंबर टाका, कोण कधी काय म्हणालं ते तारीखवार दिसेल. वर लिहिलेले तास आणि रकमा वापरायच्या आधी हे पान एकदा उघडा.

कमिशनची मार्गदर्शक सूचना, सारांश, कोर्टाच्या प्रेस नोटा यांचं काय? पहिल्या वाचनाला उत्तम. विमान प्रवाशांच्या हक्कांवर कमिशनने २०१६ मध्ये सूचना काढल्या आणि २०२४ मध्ये नव्या केल्या, त्यात तोवरचे निकाल विषयवार लावून दिलेत, म्हणजे तुमचं निम्मं काम त्यांनीच केलंय. फक्त त्या कोर्टाला बांधून ठेवत नाहीत.

नोंद ठेवताना प्रत्येक कागदासमोर सेलेक्स नंबर, निकाल असेल तर ईसीएलआय नंबर (युरोपातल्या निकालांचा ओळख नंबर), एकत्रित प्रतीची तारीख आणि तुम्ही बघितल्याची तारीख लिहा. युर-लेक्सवर फुकट खातं उघडलं की कागद आणि सर्च साठवता येतात. आणि अडलात तर युरोप डायरेक्ट या युनियनच्या माहिती सेवेला लिहा, ते कायद्याचा सल्ला देत नाहीत पण अमुक कागद कुठे आहे हे सांगतात, भारतातून लिहिलं तरी. मेलमध्ये मोठी कहाणी नको: कागदाचा नंबर, कुठल्या तारखेची स्थिती हवी, आणि कुठे कुठे बघून झालं, एवढं तीन ओळींत लिहा.